मुठीत येईल ते

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दोन वह्या. एक प्रयोगशाळेची, तिच्यात वेळ, तापमान आणि नंबर. दुसरी ही. तिथं जे लिहिता येत नाही ते इथं.

सकाळी नऊला वन्संना ऑपरेशनला आत नेलं. मी बाहेर थांबले नाही. थांबून काय करायचं असतं ते मला कळत नाही. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या वेळी थांबले होते आणि बाकावर बसून समोरच्या भिंतीच्या फरशा मोजल्या होत्या. दोनशे सोळा. ह्यांच्याबद्दलचं त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं. म्हणून आज सरळ लांबलचक बोळ ओलांडून मागच्या इमारतीत आले आणि कोट चढवला.

दहा चाळीसला नमुना आला. बर्फाच्या डब्यात गुलाबी द्रावणाची बाटली, आत वाटाण्याएवढे दोन तुकडे. चिठ्ठीवर नाव नसतं. नंबर ४७, स्त्री, वय अडुसष्ट, मोठं आतडं. आजच्या यादीत मोठ्या आतड्याची एकच बाई होती. तिची कवळी, चष्मा आणि घड्याळ माझ्या पर्समध्ये होतं.

नियम साफ आहे. नमुना आपल्या माणसाचा आहे असं कळलं की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायचं आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचा. दुसरा म्हणजे गबाळ्या. हे त्याचं नाव नाही, पण त्याच्या बायकोनंही फोनवर त्याला हेच म्हटलेलं मी ऐकलंय. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, काम करताना सतत शीळ. पेशी वाढवायच्या त्याच्या प्लेटा पाहिल्या तर भंगारबाजार बरा म्हणावा. माझ्या प्लेटा मॅडम पाहुण्यांना दाखवतात.

मी तोंडातून ब्र काढला नाही. वन्संची गाठ गबाळ्याच्या हातात? छे.

दोन पात्यांनी तुकडे बारीक केले. पेशी मोकळ्या केल्या. अर्ध्या, जशा होत्या तशा, एका कुपीत भरून गोठवायला टाकल्या. पहिल्या दिवशीची एक कुपी राखून ठेवायची असा रिवाज आहे. उरलेल्या पेशी जेलच्या थेंबांत पेरल्या. थेंब सगळे एका मापाचे पडले. त्याचंच मला नवल वाटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं शुद्धीवर आहेत. पहिलं वाक्य, "माझी कवळी आण, मी अशा अवतारात कुणाशी बोलणार नाही." मग म्हणाल्या, "तू रडली बिडली नाहीस ना?"

"नाही."

"शहाणी. माझ्या वाट्याचं चुलतबहीण रडून गेली सकाळी. बेसिन भरलं असेल."

ह्यांची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही, बी-तपासणी केंद्रात पस्तीस वर्षं नोकरी केली. हे गेल्यावर सगळ्यांना वाटलं, नणंद आणि भावजय एका घरात काही टिकायच्या नाहीत. चार वर्षं झाली. त्या मला टापटीपबाई म्हणतात. मी त्यांना वन्सं म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची वेळच कधी आली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आतड्यातली गाठ पूर्ण निघाली, पण यकृतात चार ठिपके आहेत. ते काढता येण्यासारखे नाहीत. औषधानंच विरघळले तर विरघळतील. कुठलं औषध, ते आमच्या प्रयोगशाळेचा निकाल आल्यावर ठरवायचं. मी मान डोलावली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं पांघरूण खाली लोंबत होतं ते वर खोचलं आणि कामावर आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गोळे झाले.

आमचं काम कुणी विचारलं तर मी असं सांगते: गाठीतल्या पेशींना जेलच्या थेंबात घर द्यायचं, दोन दिवसांआड खाऊ घालायचं, अंगाएवढी ऊब द्यायची, की त्या एकमेकींना धरून गोळे बनवतात. केसाच्या जाडीहून थोडे मोठे. मग त्या गोळ्यांवर औषधं टाकून पाहायची. माणसाला त्रास होण्याआधी त्याच्या गोळ्यांना होऊ द्यायचा.

४७ नंबरचे बरेचसे गोळे देखणे आहेत. गोल, पातळ भिंतीचे, साबणाच्या फुग्यांसारखे. मध्ये मध्ये काही घट्ट, काळपट, वेडेवाकडे, गठ्ठ्यानं बसलेले. दहा दिवस झाले तरी वाढायचं नाव नाही. असल्यांना मी मेलेल्यांतच धरते. मेलेलं काढून टाकावं असं कामाच्या कागदावर लिहिलेलंच आहे.

आज गोळे फोडून नव्या जेलमध्ये पेरायचे होते. मायक्रोस्कोपखाली बसून पिपेटच्या टोकानं चांगले तेवढे उचलले, बाकीचं ओढून फेकलं. पूर्ण दोन तास. मान धरली. गबाळ्या सगळं एकत्र ढवळतो आणि पेरतो, पंधरा मिनिटांत मोकळा, वर शीळ.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं घरी आल्या. त्यांना फोनवर फोटो दाखवला. दाखवायला नको होता. पण त्यांनीच विचारलं, "माझं ते काढलं त्याचं पुढे काय करतात गं तुमच्याकडे?" मी म्हटलं, "हे." आणि ते माझ्याच हाती आहे हेही सांगून टाकलं. कुणाला बोलू नका म्हटलं.

त्यांनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मोतीबिंदूमुळे त्यांना हल्ली सगळं दुधातून दिसतं.

"हे माझं?"

"हो."

"इतकं देखणं माझ्यात काही असेल असं आयुष्यात कुणी म्हणालं नाही." मग बराच वेळ बघत राहिल्या. "सगळे एकसारखे कसे गं?"

मी म्हटलं, "चांगले वाढलेत." त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला. कपाटाचा खण उघडून बियांची पाकिटं काढत बसल्या. पाकिटांवर नावं नाहीत. बोटांत बी घेऊन त्या सांगतात कुठलं आहे ते. डोळे गेले तरी बोटं आहेत, असं म्हणतात. खिडकीतल्या खोक्यांत पेरायची त्यांची यादी तयार असते.

६ मार्च, शुक्रवार

दुसऱ्यांदा फोडून पेरलं. या वेळी फेकण्यासारखं फारसं निघालंच नाही. मॅडम मागे उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या हाताला काय गुण आहे कोण जाणे. प्रत्येक नमुना असाच आला तर माझे केस पांढरे व्हायचे नाहीत." गबाळ्यानं शीळ थांबवून विचारलं, "बाई, तुम्ही गोळ्यांना आंघोळ घालता का?"

मला बरं वाटलं. ते लिहून ठेवते, कारण हल्ली काही वाटतं असं फारसं होत नाही.

१६ मार्च, सोमवार

निकाल. दोन औषधं मुख्य होती. एक गोळीचं, घरी बसून पाण्याबरोबर घ्यायचं. दुसरं सलाईनमधून, दर तीन आठवड्यांनी, दिवसभर पडून. गोळीच्या औषधात पाच दिवसांनी शंभरात दोन गोळे जिवंत. सलाईनच्या औषधात शंभरात तीन. तीन प्लेटांत एकदमच करून पाहिलं. तिन्हींत आकडे चिकटून.

मी अहवाल टंकला. नंबर ४७, दोन्ही औषधं प्रभावी. खाली माझी सही, वर मॅडमची.

१९ मार्च, गुरुवार

मिशाळ डॉक्टरांकडे गेलो. हे नाव वन्संनी ठेवलंय. त्यांनी अहवाल वाचून दाखवला, जणू मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"दोन्ही चालतील. सलाईनचं औषध जुनं, भरवशाचं, पण बोटं बधिर होतात. काहींची महिन्या दोन महिन्यांत सुधारतात, काहींची कायमची तशीच राहतात. गोळ्यांत तो त्रास नाही. निकाल इतका स्वच्छ आहे तर मी गोळ्याच देईन."

वन्संनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते. ते उलटे करून बोटांकडे पाहिलं आणि बोटांनाच म्हणाल्या, "ऐकलंत का गं, तुमची सुटका झाली." रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. "तुझ्यामुळे हं." त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होते.

३ मे, रविवार

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. तळपायाची थोडी सालं निघतात, बाकी काही नाही. खिडकीत तीन खोक्यांत हिरवं आलंय.

गुरुवारी स्कॅन झालं. चारही ठिपके जवळजवळ निम्मे. शेजारच्या काकूंनी वन्संना मिठी मारली. चुलतबहीण फोनवर पुन्हा रडली. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्कॅनचे कागद तारखेप्रमाणे फाइलला लावले आणि भोकं एका रेषेत आली का ते पाहिलं. काकू जाताना दारात हळूच म्हणाल्या, "तुमचं काळीज कसलं हो, एक थेंब नाही डोळ्यांत." त्यांना वाटलं वन्संना ऐकू गेलं नाही. वन्संना सगळं ऐकू जातं.

१० मे, रविवार

दुपारी आम्ही दोघी मटार सोलत होतो. मी किडके, सुकलेले दाणे बाजूला काढत होते. वन्सं म्हणाल्या, "माझ्या नोकरीत तू एक दिवस टिकली नसतीस."

"का?"

"आमच्याकडे एक होती तुझ्यासारखीच टापटीप. आमचं काम काय, तर पोत्यात हात घालायचा, मूठ भरायची, आणि मुठीत येईल ते शंभर बी ओल्या टिपकागदावर मांडायचं. सात दिवसांनी किती उगवलं ते मोजायचं. झालं. पण हिला सुरकुतलेलं बी बघवायचं नाही. ती ते उचलून टाकायची आणि चांगलं घालून शंभर पुरे करायची. लबाडी नाही हं. हिला वाटायचं, कचरा काय मोजायचा! तिचे कागद इतके सुंदर उगवायचे की साहेब लोकांना बोलावून दाखवायचे."

"मग?"

"मग काय. कागदावर शंभरात शहाण्णव, आणि शेतात निम्मं. तपासणी त्या पोत्याची नव्हतीच ना. तपासणी तिच्या निवडीची होती."

त्यांनी एक किडका दाणा माझ्या ढिगातून उचलून परत पातेल्यात टाकला. मी तो काढला नाही. बराच वेळ मी एकच शेंग हातात धरून बसले होते असं नंतर लक्षात आलं.

११ मे, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. प्रत्येक नमुन्याचे फोटो ठरल्या दिवशी काढलेले असतात. ४७ नंबरचे उघडले.

१९ फेब्रुवारी, म्हणजे माझ्या निवडीच्या आदल्या दिवशी: दोनशे गोळ्यांत तेवीस काळपट, वेडेवाकडे. २८ फेब्रुवारी: दोनशेत चार. ९ मार्च: एकही नाही. ११ मार्चला औषधं टाकली.

ते मेलेले नव्हते. मेलेलं विरघळतं, त्याचा चुरा होतो. हे दहा दिवस जसेच्या तसे बसून होते. हळू वाढत होते, एवढंच. आणि गोळीचं औषध भराभर वाढणाऱ्यांना मारतं हे मी शिकाऊ पोरांना फळ्यावर आकृती काढून समजावते. गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात, म्हणून तर हा सगळा खटाटोप, हेसुद्धा मीच समजावते.

इनक्युबेटरचं तापमान पाहिलं. सदतीस. वहीत लिहिलं.

१३ मे, बुधवार

सांगितलेलं नाही. ठिपके कमी होताहेत मग कशाला, असं स्वतःला म्हणून पाहिलं. ते खरं वाटेपर्यंत म्हणत राहावं असं ठरवलं होतं. भीती वाटतेय का? वाटत असावी. सकाळी चहात दोनदा साखर घातली.

वन्संनी तो चहा प्यायला आणि म्हणाल्या, "आज लग्न आहे का घरात?"

१५ मे, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. दोन्ही गोष्टी. आधी ४७ माझ्या नणंदेचा आहे ते, मग निवडीचं.

मला वाटलं होतं त्या नणंदेवरून भडकतील. त्यांनी ते ऐकून सोडून दिल्यासारखं केलं. फोटो तीनदा पाहिले. मग चष्मा काढला.

"हे तुम्ही याच नमुन्यात केलंत?"

"नाही."

"किती नमुन्यांत?"

"माझ्या हातून गेलेल्या सगळ्या."

"आणि मी पाहुण्यांना दाखवत होते," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या टेबलावरच्या पिनांची डबी उघडत आणि बंद करत होत्या. मग उठल्या. "सगळ्यांच्या पहिल्या दिवशीच्या कुप्या बाहेर काढायच्या. सगळ्यांच्या डॉक्टरांना मी आजच फोन करते. सत्तेचाळीसपासून सुरुवात. आणि त्या प्लेटेला तुम्ही हात लावायचा नाही."

"घरी मी सांगेन," मी म्हटलं.

"सांगा. लवकर सांगा."

सत्तेचाळीसची कुपी गबाळ्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही शेजारी बसा हवं तर, मला बघवत नाही तुम्हांला असं." मी म्हटलं, "नको. तू नेहमी करतोस तसंच कर. ढवळ आणि पेर." त्यानं ढवळलं आणि पेरलं. शीळ वाजवली नाही.

१ जून, सोमवार

घरी सांगितलेलं नाही. रोज ठरवते, पानं वाढते, आणि त्या काहीतरी मजेशीर बोलतात.

प्रयोगशाळेत मला आता बाटल्या भरायचं आणि लेबलं लावायचं काम आहे. गबाळ्याची प्लेट काचेतून दिसते. बाहेरून सगळ्या प्लेटा सारख्याच दिसतात. ज्यांचे नमुने माझ्या निवडीतून गेले त्यांच्यापैकी नऊ जण आता नाहीत, असं मॅडमच्या यादीत आहे. ते कशानं गेले ते कुणी सांगू शकणार नाही. मी यादी पूर्ण वाचली. वयं वाचली. एक जण चौतीस वर्षांचा होता. मी ती यादी वाचून लेबलं लावायला परत बसले, आणि लेबलं सरळ लागली.

१९ जून, शुक्रवार

निकाल. गबाळ्यानं कागद माझ्यापुढे ठेवला आणि पाठ वळवून उभा राहिला.

गोळीचं औषध: शंभरात अकरा जिवंत. सगळे काळपट, वेडेवाकडे. औषध धुऊन काढल्यावर आठवड्याभरात त्यांनी पुन्हा वाढायला सुरुवात केली. सलाईनचं औषध: शंभरात दोन. तेही धुतल्यावर पुन्हा वाढले नाहीत.

दुपारी नवीन स्कॅनचा निरोपही आला. तीन ठिपके आणखी बारीक. चौथा पूर्वीपेक्षा दोन मिलीमीटर मोठा.

२१ जून, रविवार

सांगितलं.

त्या खिडकीपाशी खोक्यांना पाणी घालत होत्या. मी मागे उभं राहून सगळं एका दमात बोलले, पाठ केलेलं होतं. त्यांनी झारी ठेवली. खुर्चीवर बसल्या. त्यांचा पहिला प्रश्न, "या खेपेला मुठीत येईल ते घेतलं ना?"

"हो."

"कुणी केलं? तू?"

"नाही. गबाळ्यानं."

"बरं. मग शंभरात किती?"

"अकरा."

त्यांनी ओठांतल्या ओठांत अकरा म्हटलं, नोकरीत म्हणत असतील तसं. "म्हणजे हा आकडा खरा."

मी म्हटलं, "वन्सं, मला माफ करा." माझा आवाज मला परका वाटला, रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा सपाट. त्यांना तो कसा वाटला माहीत नाही.

"फोटो आहे का? या वेळचा."

होता. त्यांनी फोन डोळ्यांशी नेला. काळपट, खडबडीत, एकमेकांना बिलगून बसलेले.

"हां," त्या म्हणाल्या. "हे माझे. ते मागचे पाहिले तेव्हाच वाटलं होतं, हे कुणा दुसऱ्याचेच असणार."

"तुम्हांला माहीत होतं? म्हणून ती गोष्ट सांगितलीत मटाराच्या दिवशी?"

"मला तुमच्या थेंबांतलं काय माहीत असणार! मला तू माहीत आहेस." मग म्हणाल्या, "मी चिडलेय हं. आज बोलू नकोस माझ्याशी. उद्या बोल."

संध्याकाळभर त्या खणापाशी होत्या. पाकिटातलं बी बोटांत घेऊन एक एक चाचपत बसल्या. मी भांडी घासली, पुसली, जागेवर ठेवली. त्यांनी एक पाकीट उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. सगळी पाकिटं झाली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

२२ जून, सोमवार

सकाळी म्हणाल्या, "साखर एकदाच घाल." एवढंच. मग सलाईनची तारीख कधीची ते विचारलं.

२३ जुलै, गुरुवार

दुसरं सलाईन. पहिल्याच्या वेळी नुसत्या मुंग्या आल्या होत्या. आज घरी आल्यावर हातातला पेला सुटला. त्या तुकड्यांकडे बघत म्हणाल्या, "पडला हे मला आवाजावरून कळलं."

मी तुकडे वेचले. सगळे वेचले का ते पाहायला ओल्या कापडानं फरशी पुसली, दोनदा.

मिशाळ डॉक्टर म्हणतात चौथा ठिपका थांबलाय. बोटांचं विचारलं तर म्हणाले, बघू.

१६ ऑगस्ट, रविवार

तिसरं सलाईन होऊन तीन दिवस झाले. चौथा ठिपका एक मिलीमीटर कमी. गबाळ्यानं हे ऐकून अख्खी इमारत ऐकेल अशी शीळ घातली.

आज वन्संनी खणातलं सगळ्यात जुनं पाकीट काढायला सांगितलं. "हे उगवतं का बघू. केंद्रातून निघाले त्या दिवशी आणलेलं आहे." जेवणाच्या टेबलावर मी टिपकागद ओला करून पसरला. त्यांनी पाकिटात हात घातला आणि मूठ काढली. मूठ तशीच धरून ठेवली.

"आहे का गं काही हिच्यात?"

"आहे."

"मला कळत नाही. कुठलं आहे तेही कळत नाही." मूठ माझ्या तळहातावर रिकामी केली. "तू मोज. निवडू नकोस."

मी मोजलं. हात सुरकुतलेल्या बियांकडे जायचा, मी मागे घ्यायचे. शंभरात सात सुरकुतलेली होती, तीन फुटकी, एकाला भोक. सगळी ओळीनं मांडली. नव्वदच्या पुढे मला आकडे दिसेनासे झाले. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला आधी कळलंच नाही ते काय आहे. चौतीस वर्षांचा तो मुलगा आठवला, भिंतीवरच्या दोनशे सोळा फरशा आठवल्या, हे आठवले, आणि मग काही थांबेना. आवाज होऊ नये म्हणून मी श्वास धरला.

वन्संना दुधातून दिसतं तेवढंच दिसत होतं. त्यांनी हात लांब केला, चाचपडत माझ्या गालापर्यंत आणला आणि बोटं तिथं ठेवली. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत फिरवली.

"ओलं आहे का गं? मला कळत नाही."

"ओलं आहे," मी म्हटलं.